पुडीतले खडे

सकाळी दहा-अकराची वेळ. मुलं शाळेत, सून कामावर. कोल्हापुरातल्या मिरजकर तिकटीच्या बाजूनं एखाद्या मावशी भाजीची पिशवी घेऊन घराकडं निघालेल्या असतात. मोटारसायकल थांबते. व्यवस्थित भांग पाडलेला एकजण ओळखपत्र दाखवून लगेच खिशात घालतो. "मावशी, पुढं मर्डर झालाय, तपासणी चालू हाय. एवढं सोनं घालून कुठं निघालाय? काढा, पुडीत बांधून देतो." शेजारून जाणारा दुसरा माणूस निमूटपणे आपली साखळी काढून देतो. तोही त्यांच्यातलाच. मावशी गंठण काढतात, बांगड्या काढतात. पुडी पिशवीच्या तळाशी जाते, वर मेथीची जुडी. घरी येऊन सोडावी तर आत खडे.

तोतया पोलिसांची ही चाल कोल्हापुरात कित्येक वर्षं चालत आली आहे. मंगळवार पेठेत तालमीच्या, मंडळाच्या कट्ट्यावर कुणी ना कुणी बसलेलं असतं, गल्लीत परका माणूस शिरला की कळतं. म्हणून भामटे सुनसान वेळ निवडतात. त्यांना हवी असतात फक्त दोन मिनिटं, ज्यांत मावशींना कुणी हाक मारणार नाही.

'डिजिटल अरेस्ट'मध्ये याच दोन मिनिटांचे दोन-दोन आठवडे होतात. फोन येतो, तुमच्या आधार कार्डावर घेतलेलं सिम मनी लाँड्रिंगमध्ये सापडलंय. मग व्हिडिओ कॉल. वर्दीतला साहेब, मागं भिंतीवर अशोकस्तंभ, थोड्या वेळानं कोर्टाचा शिक्का मारलेला कागद. कॅमेरा बंद करायचा नाही. घरात, शेजारी, बँकेत कुणाला सांगायचं नाही, सांगितलंत तर त्यांनाही अटक होईल. मग मुदत ठेवी मोडून पैसे 'तपासणीसाठी' पाठवायचे, ते परत मिळतील असं सांगून.

कोल्हापुरातल्या निवृत्त, शिकल्या-सवरलेल्या माणसांचेही पैसे असे गेले आहेत. 2024 मध्ये लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना भामट्यांनी चक्क सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवली आणि 7 कोटी रुपये काढून घेतले. आयुष्यभर व्यवहार केलेल्या माणसाची ही गत. तेव्हा 'म्हातारी माणसं भोळी असतात' हे बोलणं आपण आता सोडून द्यावं. ज्यांनी जन्मात कधी पोलीस ठाण्याची पायरी चढली नाही, त्यांनाच वर्दीची आणि अब्रूची धास्ती जास्त. भामटा नेमकं त्यावरच बोट ठेवतो.

कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. चौकशीला हजर राहण्याची नोटीससुद्धा पोलिसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर बजावायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये बजावलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याच्या पत्राची दखल न्यायालयानं स्वतःहून घेतली. त्यांना न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवून कोटीभर रुपयांना लुबाडलं होतं.

पण ऐन वेळी कलमं आठवत नाहीत. उपयोगी पडतो तो विचारणारा माणूस. हैदराबादेत 2024 मध्ये स्टेट बँकेच्या एका शाखेत साठी ओलांडलेले डॉक्टर ठेवी मोडायला आले. पैसे कशाला, असं विचारल्यावर त्यांनी कारण बदललं. शाखेतल्या लोकांनी कागद मागितले, पैसे अडवले, त्यांच्याशी बोलत राहिले. 13 लाख वाचले. आपल्या पेठेतल्या बँका-पतसंस्थांत खातेदाराला नावानिशी ओळखणारी माणसं अजून आहेत. आज्जी एकट्याच आल्या, हातात फोन चालू, आणि सगळी रक्कम अनोळखी खात्यावर पाठवा म्हणतात. एवढं दिसलं तरी त्यांना खुर्चीवर बसवून पाणी द्यावं आणि विचारावं.

पैसे गेलेच, तर घड्याळाकडं बघावं लागतं. रक्कम एका खात्यात थांबत नाही; भाड्यानं घेतलेल्या खात्यांतून फुटत फुटत पुढं सरकते. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदली की ती पुढच्या बँकांपर्यंत जाते आणि वाटेत असलेले पैसे गोठवता येतात. त्यामुळं पहिला तास फार मोलाचा. जुना राजवाडा पोलीस ठाण्यात जायचंच, पण 1930 लावल्यावर.

फसवणारा घरातलाच असेल तर गोष्ट वेगळी आणि जास्त दुखरी. बक्षीसपत्रावर सही घेऊन नंतर आई-वडिलांना विचारायचं नाही, असं झालं तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली ते रद्द होऊ शकतं. सांभाळ करण्याची अट मात्र कागदात स्पष्ट लिहून घ्यावी, म्हणजे पुढं वाद होत नाही.

तक्रार करायला सगळ्यात जास्त उशीर होतो तो लाजेपायी. 'लेक काय म्हणंल' म्हणून तात्या दोन दिवस जेवत नाहीत, बोलत नाहीत, आणि तेवढ्यात पैसे पार निघून गेलेले असतात. शेजारच्यानं दार वाजवलं आणि ते बोलले, तर 'तुम्हाला कळलं कसं नाही?' हा प्रश्न तोंडातून येऊ देऊ नये. "बरं झालं सांगितलंसा," एवढंच म्हणावं. मग त्यांचा चष्मा शोधावा, पासबुक आणि बँकेचे मेसेज समोर ठेवावेत आणि 1930 लावून फोन त्यांच्याच हातात द्यावा.