दहा पायांचा कोळी

टॉमस व्हियर हॉजसन हा प्लिमथचा माणूस, तिथल्या संग्रहालयाचा अभिरक्षक. १९०१ मध्ये कॅप्टन स्कॉटच्या ‘डिस्कव्हरी’ जहाजावर जीवशास्त्रज्ञ म्हणून तो अंटार्क्टिकाला निघाला. पुढच्याच वर्षी जहाज मॅकमर्डो साउंडच्या बर्फात असे अडकले, की सुटायला १९०४ चा फेब्रुवारी उजाडला. चालत्या जहाजामागे जाळे ओढून तळाचे जीव गोळा करायचे, ही नेहमीची रीत. इथे जहाजच जागचे हलेना.

हॉजसनने मग बर्फाच्या भेगा हेरल्या. लांब भेग दिसली की तो तिच्यात दोर सोडून देई. भेग पुन्हा गोठे, दोर बर्फाखाली राही. दोन्ही टोकांना भोके फोडायची, एकीकडे दोराला जाळे बांधायचे, दुसरीकडून ओढायचे. जाळे तळ खरवडत येई. भोके सारखी गोठत आणि सारखी फोडावी लागत. त्यात एप्रिलअखेर मावळलेला सूर्य ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत तोंड दाखवत नाही. जीवशास्त्र कमी, हमालीच जास्त!

खरी पंचाईत जाळे वर आल्यावर होई. बर्फाखालचे खारे पाणी उणे १.८ अंशांच्या आसपासही द्रवच असते, आणि तिथले जीव त्यात खुशाल नांदतात. वरची हवा मात्र कितीतरी थंड. अंटार्क्टिकाचे प्राणी थंडीने गोठतात हे ऐकायला विचित्र वाटेल, पण चिखल, स्पंज, तारामासे असा सगळा ऐवज बघता बघता दगडासारखा घट्ट होई. जहाजात नेऊन तो वितळवायचा, मग एकेक जीव सुटा करायचा, तोही पाय न मोडता.

पायांची ही काळजी विशेषतः सागरी कोळ्यांसाठी. हे घरातल्या कोळ्यांचे दूरचे नातलग. धड इतके बारीक, की आतड्याचे फाटे थेट पायांत उतरलेले. कल्ले नाहीत, प्राणवायू कातडीतूनच झिरपतो. हृदय अशक्त असल्याने पायांतली आतडीच आकुंचन पावून रक्त फिरवतात, हे २०१७ मध्ये कळले. बहुतेक जातींत अंडी नर वागवतो. ध्रुवीय पाण्यात काहींच्या पायांचा पसारा अर्ध्या मीटरच्या पुढे जातो. थंड पाण्यात प्राणवायू भरपूर आणि शरीराची गरज कमी, असे त्याचे एक कारण सांगतात. त्यावर अजून वाद आहे.

या कोळ्यांना बहुधा पाय आठ. १८३५ मध्ये जेम्स एट्स या अमेरिकी अभ्यासकाने दक्षिण शेटलंड बेटांकडच्या दहा पायांच्या कोळ्याचे वर्णन छापले होते, पण त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. हॉजसनच्या संग्रहात दहा पायांची दुसरीच जात निघाली. १९०४ मध्ये त्याने तिला पेंटानिम्फॉन अंटार्क्टिकम हे नाव दिले. त्याच सुमारास ‘स्कोशिया’ जहाजावरच्या मोहिमेला साउथ ऑर्कनी बेटांपाशी एट्सचा कोळीही सापडला. एट्स तोवर वारला होता. १९३३ मध्ये अंटार्क्टिकातूनच बारा पायांच्या कोळ्याची नोंद झाली.