इंजिनाआधी रबर म्हातारे होते

शिराळा तालुक्याला पाणी दोन रूपांत भेटते. चांदोली धरणामागे पसरलेला, 34 टीएमसी क्षमतेचा वसंतसागर हे एक, आणि पावसाळ्यात वारणाकाठच्या शिवारांत शिरणारा पूर हे दुसरे. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर इकडे बोट ही सहलीपुरती गोष्ट राहिलेली नाही. पण वर्षातले बहुतेक महिने बोट शेडमध्येच असते. त्यातून ती जुनी असेल आणि तिचा ‘स्टर्नड्राइव्ह’ बनवणारी कंपनीच बंद पडलेली असेल, तर ती राखायची कशी?

स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या पोटात, पिछाडीला लागून बसते. पंखा मात्र बाहेर लोंबणाऱ्या पायाला असतो. वेगळे सुकाणू नसते, हा पायच डावी-उजवीकडे वळतो आणि उथळ पाण्यात वर उचलता येतो. व्होल्वो पेंटाने 1959 मध्ये ‘अ‍ॅक्वामॅटिक’ या नावाने ही रचना बाजारात आणली, 1961 मध्ये मर्क्रूझर आली. अमेरिकेची ओएमसीही या धंद्यात होती. तिने आपले स्टर्नड्राइव्ह आधीच थांबवले होते आणि डिसेंबर 2000 मध्ये तिचे दिवाळे निघाले.

तरी अशी बोट लगेच भंगारात काढू नये. यातली कित्येक इंजिने मुळात जनरल मोटर्स किंवा फोर्डच्या मोटारींची, बोटीसाठी बदलून घेतलेली. त्यांचे सुटे भाग आजही मिळतात. अडते ते पायापाशी. त्याचे गिअर आणि बाहेरचे कवच त्या-त्या कंपनीचेच लागते. म्हणून सगळी निगा या पायाभोवती फिरते.

इंजिनाची ताकद पिछाडीच्या फळीतून बाहेर जाते ती युनिव्हर्सल जॉइंटमधून, ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टला असतो तशाच क्रॉसमधून. त्याच्यावर घड्यांचा रबरी बूट असतो. बूट चिरला की पाणी शिरते, आधी बेअरिंग गंजते, मग क्रॉस जातो. गळती वाढली तर उभी बोटही बुडू शकते. रबर वापराने झिजते त्याहून जास्त नुसत्या काळाने कडक होते. म्हणून इथे तास मोजून भागत नाही, तारीख पाहावी लागते. दर दोन वर्षांनी बूट बदलावा. बोट उभी करताना पाय खाली सोडावा, म्हणजे घड्या ताणलेल्या राहत नाहीत. गिअर ऑइल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे असे समजावे आणि बोट चालवू नये. इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणारा इम्पेलरही रबराचाच असतो. जमिनीवर इंजिन चालू करून पाहताना पाण्याची नळी जोडली नाही, तर तो बघता बघता जळतो.

समुद्रावरून आणलेल्या बोटीत आणखी एक गोष्ट तपासावी. पायाचे अ‍ॅल्युमिनियम वाचवण्यासाठी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, म्हणजे अ‍ॅनोड, बसवलेला असतो. खाऱ्या पाण्यात जस्ताचा अ‍ॅनोड चालतो. वारणेच्या गोड्या पाण्यात तो जवळजवळ निकामी ठरतो, तिथे मॅग्नेशियमचा हवा.

सुट्या भागांसाठी दर वेळी परदेशाकडे पाहावे लागत नाही. बहुतेक बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ऑइल सील आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी सांगून मिळते. 1910 पासून किर्लोस्करवाडी ज्या जिल्ह्यात आहे, तिथे बुश किंवा पुलर करून देणारा लेथवाला सापडणे अवघड नाही.

मात्र जुगाडाला मर्यादा आहेत. ट्यूब चिकटवून बूट होत नाही. पेट्रोल बोटीला गाडीचा स्टार्टर तर कधीच लावू नये. तो नेमका बसेलही, पण बोटीचा स्टार्टर ठिणगी बाहेर पडू नये अशा बेताने बनवलेला असतो आणि बंद इंजिनघरात पेट्रोलची वाफ साचते. सुरू करण्याआधी ही वाफ बाहेर काढणारा ब्लोअर चार मिनिटे चालवावा. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओल धरते आणि जुन्या रबरी नळ्या खराब करते. आपल्याच उसाचे इथेनॉल असले तरी हंगाम संपल्यावर टाकी भरलेली ठेवून बोट विसरू नये.

गिअरचे दात तुटले किंवा कवचाला तडा गेला, तर मात्र हिशेब बदलतो. मग पिछाडी भक्कम करून बाहेरून आउटबोर्ड इंजिन लावणे परवडते. तोवर मे महिन्यातच बूट, इम्पेलर आणि ऑइल पाहून घ्यावे. बूट बदलल्याची तारीख बोटीवरच रंगाने लिहावी. पुराच्या रात्री किल्ली कुणाच्या हातात असेल, हे आधी ठरलेले नसते.