विश्लेषण : ऑनलाइन गेममध्ये खेळाडू देशाचा झेंडा का लपवतात, का मिरवतात?

घुग्घुसच्या कामगार वसाहतीत नवा माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘मूळ गाव कोणतं?’ वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी, सिमेंट कारखाना आणि लोहप्रकल्प यांमुळे इथे विदर्भाबरोबरच तेलंगण, छत्तीसगड, उत्तर प्रदेश, बिहारमधूनही कुटुंबे आली आणि स्थिरावली. एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, हिंदी ऐकू येते. त्याच गल्लीतला एखादा तरुण रात्री मोबाइलवर गेम उघडतो तेव्हा तिथेही हाच प्रश्न हजर असतो. तो कुणी विचारत नाही. नावाशेजारचा चिमुकला झेंडा परस्पर उत्तर देऊन टाकतो. मग काही जण खरा झेंडा लावतात, काही दुसऱ्याच देशाचा, काही काहीच लावत नाहीत. असे का?

झेंडा येतो कुठून?

प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी आहे. मोबाइल इंटरनेटला जोडला की त्याला आयपी पत्ता मिळतो आणि त्यावरून देशाचा अंदाज बांधता येतो. काही गेम त्यावरून देश ठरवतात, काही खेळाडूलाच विचारतात. चेस डॉट कॉमवर डाव सुरू असताना नावाशेजारी झेंडा दिसतो, मात्र सेटिंग्जमध्ये जाऊन तो बदलता येतो. ‘इंटरनॅशनल’ हा पर्यायही तिथे आहे. लिचेसवर झेंडा लावणे ऐच्छिक आहे. स्टीमच्या प्रोफाइलमध्ये देशाचा रकाना कोरा सोडला तरी चालते. थोडक्यात, बऱ्याच ठिकाणी हा झेंडा म्हणजे पासपोर्ट नाही. खेळाडूने स्वतःबद्दल केलेले ते विधान आहे आणि ते कुणी तपासत नाही.

भारतीय खेळाडू ‘परदेशी’ का झाले?

भारतात देश लपवण्याचे सर्वात मोठे कारण लाज किंवा भीती नव्हते, बंदी होते. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरपासून त्याचे भारतातील सर्व्हरही बंद झाले. वर्षानुवर्षे खेळून कमावलेली पातळी, विकत घेतलेले पोशाख, जमलेला संघ हे सगळे एका रात्रीत हातचे गेले. अनेकांनी मग गेमची कोरियन आवृत्ती उतरवली, व्हीपीएन लावले आणि दुसऱ्या देशातून आल्याचे भासवून खेळ चालू ठेवला. २ जुलै २०२१ रोजी क्राफ्टन कंपनीने भारतासाठी बीजीएमआय आणला. जुलै २०२२ मध्ये तोही अ‍ॅप स्टोअरवरून हटला आणि मे २०२३ मध्ये परतला.

या वेषांतराची किंमत मोजावी लागते. अधिकृत स्टोअरबाहेरून उतरवलेल्या फाइलमध्ये काय दडले आहे हे कळत नाही. दुसरी किंमत वेळेची. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. घुग्घुस ते मुंबई हे सरळ रेषेतले अंतर साधारण ६५० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन किमान साडेसहा मिलिसेकंद. मुंबई ते सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे आणखी ३९ मिलिसेकंद. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात केबलची वळणे, राउटर आणि मोबाइल टॉवर यांमुळे आकडा कितीतरी वाढतो. गोळीबाराच्या गेममध्ये समोरच्याला आपण दिसण्याआधी तो आपल्याला दिसावा लागतो, तिथे ही दिरंगाई थेट हार ठरते. शिवाय वाढलेला पिंग पाहून हा लांबून आला आहे, हे सहखेळाडू ओळखतातच.

शिव्या नेमक्या कशाला पडतात?

आशियाच्या सर्व्हरवर भारतीय आणि पाकिस्तानी खेळाडू समोरासमोर येतात. दोघांनाही एकमेकांची भाषा कळते, आणि अडचण तीच आहे. न कळणारी शिवी कानावरून जाते, कळलेली लागते. सीमेवर काही घडले की गेममधल्या माइकवर त्याचे पडसाद उमटतात आणि सुरुवात झेंडा पाहून होते. अशा वेळी पृथ्वीचे चित्र लावून निमूट खेळणे अनेकांना सोयीचे वाटते. नाव-चेहरा झाकलेला असला की माणूस एरवी बोलणार नाही ते बोलतो. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्येच या वागण्याची मांडणी केली होती.

व्यावसायिक खेळाडूही याला अपवाद नाहीत. डोटा २ या गेममधला फिलिपिन्सचा खेळाडू ‘कुकू’ याने २०१८ मध्ये एका सामन्यात चिनी लोकांबद्दल वंशद्वेषी शब्द लिहिले. चीनमध्ये संताप उसळला. अखेर व्हॉल्व्ह कंपनीने जानेवारी २०१९ मधील चोंगछिंगच्या स्पर्धेत त्याला खेळण्यास मनाई केली.

ओळख दिसल्याने खेळ बिघडतो का, यावर २००८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास बोलका आहे. तो देशाबद्दल नाही, स्त्री-पुरुषांबद्दल आहे, पण मुद्दा लागू पडावा. सारख्याच ताकदीच्या ४२ स्त्री-पुरुष जोड्यांना संशोधकांनी इंटरनेटवरून बुद्धिबळ खेळायला लावले. समोर कोण आहे हे ठाऊक नसताना स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने खेळल्या. बुद्धिबळात पुरुष सरस, या समजाची आठवण करून देऊन समोर पुरुष आहे असे सांगितल्यावर त्यांचा खेळ घसरला. समोर स्त्री आहे असे खोटेच सांगितले, तेव्हा तो घसरला नाही.

मग मिरवणारे का मिरवतात?

कारण झेंड्यामुळे अनोळखी गर्दीत आपली माणसे सापडतात. तिरंगा दिसला की हिंदीत हाक येते, संघ जमतो. जिंकल्यावर तर तो लपवायचा प्रश्नच नसतो. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक प्रकार होता, तेव्हा भुजच्या तीर्थ मेहताने हर्थस्टोनमध्ये कांस्य मिळवले. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारताचा डोटा २ संघ कांस्यपदक घेऊन आला. विदर्भाला जवळचे उदाहरण नागपूरच्या दिव्या देशमुखचे. जुलै २०२५ मध्ये बातुमीत तिने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली.

काहींना मात्र निवडीची मोकळीक नसते. इस्रायली खेळाडूंशी सामना नको म्हणून इराणने २०१९ च्या जागतिक जलद व अतिजलद स्पर्धेतून अंग काढून घेतले. अलीरेझा फिरोझा तिथे फिडेच्या झेंड्याखाली खेळला आणि २०२१ पासून फ्रान्सकडून खेळू लागला. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ पासून रशिया व बेलारूसच्या अनेक खेळाडूंच्या नावाशेजारीही आपल्या देशाऐवजी फिडेचा झेंडा दिसू लागला.

लपवायचे असेल तर?

झेंडा काढणे दोन मिनिटांचे काम आहे. बाकीच्या खुणा तशाच राहतात. अनेक मुले टोपणनावातच गाव आणि जन्मसाल लिहून टाकतात, त्यापुढे झेंडा ही फारच किरकोळ माहिती आहे. पालकांनी आधी ते नाव पाहावे. मग माइक. सेटिंग्जमध्ये तो बंद ठेवता येतो किंवा फक्त आपल्या संघापुरता चालू ठेवता येतो. तो सुरूच राहिला, तर झेंड्याच्या जागी पृथ्वी असली तरी स्वयंपाकघरातून आलेली ‘जेवायला ये रे’ ही हाक सगळ्या लॉबीला ऐकू जाते.