मालाचे मूळ गाव कोणते?

मुक्त व्यापाराचा करार झाला की दोन देशांच्या पुढाऱ्यांच्या हस्तांदोलनाचे छायाचित्र झळकते आणि आता सारे स्वस्त होणार, असा समज पसरतो. २०२२ साली संयुक्त अरब अमिरातीशी आणि २०२५ च्या जुलैत ब्रिटनशी करार झाले, तेव्हाही हेच घडले. अशा करारांना आमचा विरोध नाही. परंतु कराराचा जीव असतो तो त्यातील मालाच्या मूळस्थानाविषयीच्या रूक्ष नियमांत, आणि ते सहसा कोणी वाचीत नाही.

वस्तुतः एका राष्ट्रास दिलेली सवलत सर्वांस द्यावी, असे १९४७ च्या गॅट कराराचे पहिलेच कलम सांगते. मुक्त व्यापाराचा करार हा त्या दंडकाला मान्य झालेला अपवाद होय. दोन देश परस्परांपुरती जकात उतरवितात. तिऱ्हाइताच्या मालावर मात्र ज्याची त्याची जकात कायम राहते. मग तिऱ्हाइताचा माल मित्राच्या दाराने आत शिरू नये, म्हणून मालाचे मूळ गाव विचारावे लागते.

हा प्रश्न ढिलाईने विचारला की काय होते, ते श्रीलंकेशी १९९८ च्या डिसेंबरात झालेल्या करारात आपण अनुभवले आहे. किमतीत निदान ३५ टक्के भर लंकेत पडावी आणि पक्का माल जकातीच्या सूचीत कच्च्या मालाहून निराळ्या वर्गात मोडावा, अशा त्यात प्रमुख अटी होत्या. पामतेल एका वर्गात, वनस्पती तूप दुसऱ्या. झाले! आग्नेय आशियातील पामतेल अल्प जकातीत लंकेत उतरवावयाचे, त्याचे वनस्पती तूप करावयाचे आणि ते जकातीवाचून भारतात धाडावयाचे, असा धंदा सुरू झाला. (असे कारखाने काढणाऱ्यांत काही आपलेच उद्योजक होते, हेही नमूद केले पाहिजे.) इकडच्या कारखानदारास मात्र त्याच पामतेलावर जबर जकात पडे. ती जकात ज्या तेलबिया पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या रक्षणासाठी होती, त्याचे कुंपण असे मागच्या बाजूने मोडले. अखेर २००६ साली वर्षाला अडीच लाख टनांची मर्यादा घालावी लागली. तोवर व्हावयाचे नुकसान होऊन गेले होते.

२०२० पासून मूळस्थानाची माहिती आयातदाराने स्वतःजवळ बाळगावी, असा नियम झाला आहे. तो योग्यच आहे. पण तो बंदरावरचा पहारा झाला. करार होण्यापूर्वीचे काय? आपल्याकडे अशा करारास संसदेची संमती अनिवार्य नाही. मंत्रिमंडळाची मान्यता पुरते, आणि मसुदा लोकांच्या हाती पडतो तो बहुधा सह्या झाल्यावर. लातूरच्या सोयाबीन उत्पादकाने आणि इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाने आपली हरकत तेव्हा कोठे नोंदवावी? मूळस्थानाचे नियम वस्तुवार, सह्यांपूर्वी आणि मराठीतून प्रसिद्ध करावेत, अशी आमची केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाकडे मागणी आहे.