शाळेतला संगणक : भाग ६
पेन ड्राइव्हला बंदी, मग फाइल न्यायची कशी?

गेल्या आठवड्यात आपण लॅबमधल्या संगणकावर विद्यार्थ्यांचं आणि शिक्षकांचं खातं वेगळं का ठेवतात, ते पाहिलं. आज त्याच्या पुढचा प्रश्न. घरी प्रकल्प तयार आहे, उद्या तो शाळेत दाखवायचा आहे आणि लॅबच्या दारावर सूचना आहे : ‘पेन ड्राइव्ह लावू नये.’

आधी या सूचनेमागचं कारण समजून घेऊ. विंडोज एक्सपीच्या काळात पेन ड्राइव्हमध्ये ‘ऑटोरन’ची एक छोटी फाइल असली, की ड्राइव्हवर डबल-क्लिक करताच त्यातला प्रोग्रॅम सुरू व्हायचा. नोव्हेंबर २००८ मध्ये सापडलेल्या ‘कॉनफिकर’ या घातक प्रोग्रॅमने पसरण्यासाठी हीसुद्धा वाट वापरली. त्याच महिन्यात अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एका व्हायरसमुळे आपल्या संगणकांवर पेन ड्राइव्ह लावायला मनाई केली. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये पेन ड्राइव्हसाठी ही सोय काढली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या विंडोजसाठीही तसा अपडेट दिला.

मग आला ‘शॉर्टकट व्हायरस’. तो खरे फोल्डर लपवतो आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. मूल आपला फोल्डर समजून क्लिक करतं आणि व्हायरस संगणकात शिरतो. अशा वेळी घाईने फॉरमॅट मारू नका. बहुतेक वेळा फाइली जागेवरच असतात, फक्त लपवलेल्या असतात. त्या सुरक्षितपणे कशा काढायच्या, हे लॅब सांभाळणाऱ्या शिक्षकांना विचारा. लॅबमधल्या एकाच संगणकावर दिवसभरात अनेक वर्गांतली मुलं बसतात. सकाळी शिरलेला व्हायरस संध्याकाळपर्यंत कितीतरी घरी पोचू शकतो. म्हणून हा नियम पाळायलाच हवा.

आता वाटा पाहू. लॅबमधल्या लॅबमध्ये फाइल न्यायची असेल तर इंटरनेटचीही गरज नाही. सगळे संगणक एका नेटवर्क स्विचला जोडलेले असतील, तर शिक्षकांच्या संगणकावर दोन सामाईक फोल्डर करता येतात : एक मुलांनी फक्त वाचायचा आणि दुसरा काम जमा करायचा. १०० एमबीपीएसच्या साध्या जोडणीवरही ७०० एमबीची चित्रफीत मिनिट-दीड मिनिटात जाते. विंडोज आणि लिनक्स असे दोन्ही संगणक असले तरी अडत नाही. १९९२ पासून विकसित होत आलेलं ‘साम्बा’ हे मोफत सॉफ्टवेअर त्यांना जोडतं.

घरून शाळेत फाइल न्यायची असेल आणि शाळेने ईमेल खातं दिलं असेल, तर घरीच त्या खात्यात लॉगिन करून फाइल त्याच्या ऑनलाइन ड्राइव्हवर चढवा. आईबाबांच्या खात्यातून पाठवलेली लिंक शाळेत अनेकदा उघडत नाही, कारण बाहेरच्या खात्यांशी होणारी देवाणघेवाण शाळा बंद ठेवू शकते. जीमेलला फाइल जोडून पाठवायची मर्यादा २५ एमबी आहे, हेही लक्षात असू द्या. काम झालं की लॉगआउट करायला विसरू नका.

मराठी प्रकल्पाची आणखी एक अडचण असते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसेल तर अगम्य अक्षरांत दिसतो. फाइल नीट पोचलेली असते, पण वाचता येत नाही. म्हणून युनिकोडमध्येच टाइप करा आणि सोबत पीडीएफही करून ठेवा. पीडीएफमध्ये फाँट सहसा फाइलबरोबरच जातो.

नियम चुकवण्यासाठी व्हीपीएन टाकणं किंवा अनोळखी संकेतस्थळावर फाइल चढवणं मात्र टाळा. तुमचं नाव, इयत्ता, फोटो असलेला प्रकल्प कोणाच्या सर्व्हरवर जाऊन बसला, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

शेवटचं म्हणणं शाळांसाठी. ज्या घरी इंटरनेट नाही, त्या घरच्या मुलासाठी पेन ड्राइव्ह हीच एकमेव वाट असते. सरसकट बंदीचा सगळ्यात मोठा फटका त्यालाच बसतो. त्यासाठी एक जुना संगणक नेटवर्कपासून तोडून वेगळा ठेवा. त्यावर शक्यतो लिनक्स असावं, कारण विंडोजसाठी लिहिलेले असे व्हायरस तिथे सहसा चालत नाहीत. अँटिव्हायरस मात्र ताजा ठेवा. पेन ड्राइव्ह आधी तिथे शिक्षकांसमोर तपासावा, हवी तेवढीच फाइल शाळेच्या स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि मगच ती लॅबमध्ये न्यावी. या कामाची वेळ ठरवून दारावरच्या सूचनेखाली लिहा : ‘फाइल आणायची असल्यास मधल्या सुट्टीत शिक्षकांना भेटा.’ मनाई करणाऱ्याने वाटही दाखवली, तर मुलं नियम मनापासून पाळतात.

पुढच्या भागात : लक्षात राहील, पण कोणाला ओळखता येणार नाही असा पासवर्ड.