गाठ दुखत नाही म्हणून सोडू नका

आज आम्ही सीबीडी बेलापूरहून बोलतोय. इथून हार्बर लाईनने पनवेलकडे निघालं की पुढचंच स्टेशन खारघर. तिथे टाटा मेमोरियलचं ‘ॲक्ट्रेक’ हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. अशा ठिकाणी एक डॉक्टर असतात, जे आपल्याला बहुधा कधी भेटत नाहीत. पण आजाराचं नाव तेच ठरवतात. त्यांना पॅथॉलॉजिस्ट म्हणतात.

आपल्या मानेत, काखेत, जांघेत लहान लहान ग्रंथी असतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ती हीच ग्रंथी. जखम बरी झाली की ती उतरते. पण याच ग्रंथींतल्या पेशी बेसुमार वाढू लागल्या, तर त्याला लिम्फोमा म्हणतात. हाडातल्या मगजात, म्हणजे रक्त तयार होतं तिथे, बिघाड झाला तर ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो.

मानेतल्या गाठी टीबीच्याही असतात. जुन्या बाया त्याला गंडमाळ म्हणत. हाताला दोन्ही गाठी सारख्याच लागतात. लंडनच्या थॉमस हॉजकिन या डॉक्टरांनी 1832 मध्ये अशा गाठींच्या वेगळ्या आजाराची नोंद केली. तरी तो टीबीचाच प्रकार असेल, असं अनेकांना वाटत राहिलं. 1902 मध्ये अमेरिकेत डोरोथी रीड या बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या मोठ्या पेशी नीट पाहिल्या आणि हा टीबी नाही, असं मांडलं. त्या पेशींना आजही त्यांचं नाव आहे.

आपल्याकडे हे काम उभं केलं डॉ. वसंत खानोलकरांनी. 1941 मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे होत्या. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे त्यांच्याच हाताखाली शिकल्या. त्या पेशींच्या अभ्यासक होत्या. त्यांनी ल्युकेमियावरही संशोधन केलं. प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचं तंत्र त्यांनी इथे रुजवलं. 1973 मध्ये सुरू झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या त्या संस्थापक. पुढे अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यासही त्यांनी केला.

आता तपासणी कशी होते ते ऐका. गाठ किंवा तिचा तुकडा काढतात, त्याला बायोप्सी म्हणतात. तो मेणात बसवून त्याचे अगदी पातळ काप घेतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. लिम्फोमाचे प्रकार पुष्कळ आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. म्हणून पुढच्या चाचण्या लागतात आणि रिपोर्टला दिवस लागतात. ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ असं म्हणतात, त्या भीतीने गाठ तपासायची टाळू नका. नाव कळल्याशिवाय औषध ठरत नाही. आणि लिम्फोमाचे काही प्रकार उपचाराने पूर्ण बरे होतात.

मग लक्षात काय ठेवायचं? गाठ दोन-तीन आठवड्यांत उतरली नाही, ती वाढत असेल, सोबत ताप, रात्री कपडे भिजतील एवढा घाम किंवा वजन घटणं असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. सारखा अशक्तपणा, हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग असतील तर रक्त तपासून घ्या. टीबीचं औषध चालू असूनही गाठ वाढत असेल, तर औषध मनाने बंद करू नका, डॉक्टरांना पुन्हा विचारा.

बायोप्सी झाली की रिपोर्ट आणि तो मेणाचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, जपून ठेवा. मोठ्या रुग्णालयात तो पुन्हा तपासतात. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा, रुग्णालयात आरोग्यमित्र असतात.

पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा. कुणी गाठ पदराआड लपवत असेल, तर तिच्यासोबत दवाखान्यात जा.