बांधावर भरणारा जीवशास्त्राचा वर्ग

पावसाळ्यात मोसंबी पिकायला लागली की जालना परिसरातल्या बागायतदाराची रात्रीची झोप उडते. अंधार पडताच बागेत रस शोषणारा पतंग येतो. त्याचे पुढचे पंख वाळक्या पानासारखे असतात, मागचे नारिंगी. सोंडेचे टोक टणक आणि काटेरी असल्याने ते सालीतून थेट आत शिरते. त्या छिद्रातून बुरशी आणि जिवाणू आत जातात, फळ सडते आणि गळून पडते.

या पतंगाची अळी मात्र मोसंबीवर वाढत नाही. ती वाढते गुळवेल आणि वासनवेलीच्या पानांवर, म्हणजे बांधावर नि कुंपणावर. त्यामुळे अळी मारण्यासाठी मोसंबीवर फवारणी करून काही हाती लागत नाही. कोणत्या बांधावर या वेली आहेत, अळ्या कधी दिसू लागतात, पतंग रात्री किती वाजता जास्त येतात, हे कळले तर शेतकऱ्याला उपाय योग्य वेळी करता येतात. ही माहिती महाविद्यालयातले जीवशास्त्र मंडळ गोळा करू शकते. त्यासाठी वही, पेन आणि बॅटरी पुरते.

आपल्याकडे प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राची मंडळे असतातच. उद्घाटन, भित्तीपत्रक, एखादी सहल असा त्यांचा नेहमीचा कार्यक्रम. पण 2014 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या वर्गांतले प्राण्यांचे विच्छेदन थांबवले. तेव्हापासून जिवंत प्राणी त्याच्या जागी जाऊन पाहण्याचे महत्त्व वाढले आहे.

सुरुवात घरूनही करता येते. जुना जालन्यातल्या एखाद्या परसात कागदी लिंबाचे झाड असेल, तर त्याच्या पानांवर काळ्या-पिवळ्या ठिपक्यांच्या फुलपाखराची अळी शोधावी. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. तिला डिवचले की डोक्यामागून लालसर दुभंगलेला अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा हा प्रवास उबदार हवेत तीन-चार आठवड्यांत पूर्ण होतो. रूपांतरण शिकायला याहून चांगले प्रात्यक्षिक नाही.

अशा साध्या नोंदींतूनच मोठे विज्ञान उभे राहते. जालना निजामाच्या राज्यात असताना, 1931-32 मध्ये सलीम अली यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. त्या काळी कोणते पक्षी कुठे होते, हे आज त्या नोंदींमुळेच सांगता येते. 2023 चा भारतातील पक्षीस्थितीचा अहवाल सुमारे 30 हजार पक्षीनिरीक्षकांच्या 3 कोटी नोंदींवर उभा आहे. ज्या 338 जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांतल्या 60 टक्के जाती घटल्याचे त्यातून समजले. त्या निरीक्षकांत हौशी माणसे आहेत, विद्यार्थीही आहेत.

दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षीगणना होते. भारत 2013 पासून तीत आहे आणि महाविद्यालयांच्या आवारांसाठी तिचा वेगळा उपक्रमही चालतो. मोती तलावाचा काठ किंवा कुंडलिकेचे पात्र ठरवून घ्यावे. दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी जावे. तारीख, वेळ, जागा, पक्ष्यांची संख्या लिहावी. पक्षी दिसला नाही, तर तेही लिहावे, कारण घट ओळखायला तीच नोंद लागते.

विद्यार्थी तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडतात, पण वही मंडळाकडे राहायला हवी. प्राध्यापकांनी ती पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी आणि वर्षातून एकदा त्यातले निष्कर्ष मोसंबीच्या बागायतदारांसमोर मांडावेत. जालन्यातल्या महाविद्यालयांनी या पावसाळ्यात ही पहिली वही उघडावी.